सणाचे पान आणि रोजचे जेवण : डहाणू-तलासरीकडून पाहता

रोजच्या संध्याकाळच्या जेवणास सणाचे रूप द्यावयाचे म्हणजे तूप, साखर, पुरण आणि पाहुण्यांची पंगत यांची तरतूद आधी झाली पाहिजे, ही समजूत शहरातील मराठी घरांत इतकी पक्की झाली आहे की तिची शहानिशा करावी असेही कोणास वाटत नाही. पालघर जिल्ह्याच्या डहाणू आणि तलासरी या तालुक्यांतील वारली कुटुंबांची वाघबारस पाहिली म्हणजे ती समजूत किती अपुरी आहे हे ध्यानात येते.

आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे इतरत्र जेव्हा वसुबारस असते त्याच तिथीस, येथे वाघदेवाची पूजा होते आणि दिवाळीला आरंभ होतो. या दिवसांत पानावर जे येते त्यात बाजारातून विकत आणलेले थोडेच असते : चवळीच्या शेंगा, उकडलेले करांदे आणि इतर कंद, नव्या भाताचे तांदूळ, आणि वेलीवर पुरती जून झालेली काकडी किसून, तीत तांदळाचे पीठ व गूळ मिसळून, पानांत गुंडाळून वाफवलेला तो गोड पदार्थ, ज्यास अनेक पाड्यांवर सावेली म्हणतात. हे सारे जिन्नस घराभोवतीच्या शिवारातले असून वर्षातील इतर संध्याकाळीही यांतले काही ना काही चुलीवर शिजतच असते. मग त्यांना सणाचे मोल कोठून येते? नवे पीक देवास आणि पूर्वजांस दाखविल्यावाचून तोंडात घालावयाचे नाही, हा दंडक घरातील लहानथोर सारे पाळतात. पावसाच्या आरंभी उगवणारी कोवळी रानभाजीसुद्धा अनेक पाड्यांवर याच नियमाने खाल्ली जाते. डोळ्यांदेखत वाढणाऱ्या पिकाची आठवडेच्या आठवडे वाट पाहिल्यानंतर साऱ्या घराने एकत्र बसून घेतलेला पहिला घास, एवढ्यावर या जेवणाची थोरवी उभी आहे, आणि ती माझ्या मते पुरेशी आहे.

सणाचा मान खर्चावर ठरतो, हा दुसरा गैरसमज अधिक घातक आहे, कारण याच मुलखात त्याची किंमत माणसांनी आपल्या स्वातंत्र्याने मोजली आहे. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून थोडी रक्कम उचलावयाची आणि तिच्या फेडीपायी नवराबायकोने वर्षानुवर्षे त्याच्या शेतावर व घरी राबावयाचे, अशी लग्नगड्याची चाल येथे रूढ होती. कर्ज फिटले किंवा नाही याचा हिशेब धन्याच्याच वहीत असे, आणि तो निरक्षर कुळाला वाचताही येत नसे. 23 मे 1945 रोजी झरी येथे (हे गाव तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते, आज तलासरीत आहे) किसान सभेच्या परिषदेसाठी हजारो वारली जमले आणि सभेचे नेते शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या साथीने वेठ आणि लग्नगडी या दोन्ही प्रथा झुगारून देण्याच्या लढ्यास तोंड फुटले. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात ही हकीकत सविस्तर नोंदविली आहे. ती वाचल्यानंतर ऋण काढून घातलेल्या पंगतीचे कौतुक करणे मला तरी शक्य होत नाही.

नाचणी, जिला इकडे नागली म्हणतात, ती गरिबीचे अन्न आणि पांढराशुभ्र भात मानाचा, अशीही एक समजूत आहे. वस्तुस्थिती अशी की 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तितक्याच सडीक तांदळात ते जेमतेम 10 मिलिग्रॅमपर्यंत भरते. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, तेव्हा शहरांतील दुकानांत जिची प्रतिष्ठा वाढली ती भाकरी येथील माळावर पिढ्यान्‌पिढ्या भाजली जात आहे.

याच्या उलट टोकाचा भ्रम अलीकडे रानभाज्यांच्या हौसेतून पसरू लागला आहे, तो असा की रानातले ते सारे निर्धोक. शेवळे ही रानभाजी नीट शिजविली नाही तर तीतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांनी घसा खवखवतो, म्हणून तीत काकड या झाडाची आंबट फळे किंवा चिंच घालावीच लागते. कडू करांदे राखेच्या पाण्यात उकडून त्यांचा कडवटपणा काढावा लागतो. हे ज्ञान त्या भाजीचाच भाग आहे, आणि ते विकणाऱ्या बाईला ठाऊक असते, घेणाऱ्यास बहुधा नसते.

डहाणूचे जेवण म्हणजे केवळ डोंगरातले जेवण, असेही नव्हे. किनाऱ्यावरील मांगेला मच्छीमारांचे सुके बोंबील आठवड्याच्या बाजारांतून पार आतल्या पाड्यांपर्यंत पोहोचतात. घोलवडच्या ज्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे झाड मूळचे मध्य अमेरिकेकडचे असून पारशी-इराणी बागायतदारांच्या मेहनतीने ते या मातीत रुजले.

रोज सणासारखे जेवलो तर सणाची गोडी जाईल, ही शंका मात्र समंजस माणसेही बोलून दाखवितात. तुपासाखरेपुरती ती खरी आहे. ऋतूला ती लागू पडत नाही, कारण ऋतू स्वतःच प्रत्येक जिन्नस थोडे दिवस देतो आणि मग काढून घेतो : शेवळे पावसाच्या तोंडाशी, करांदे दिवाळीच्या सुमारास. जे घर या वेळापत्रकाप्रमाणे जेवते, त्याच्या साध्या बुधवारच्या पानावरही वर्षातून कितीतरी वेळा काहीतरी पहिल्यांदा वाढले जाते, आणि त्यासाठी पंचांगात तिथी शोधावी लागत नाही.

म्हणून वाचकांस विनंती एवढीच की, पावसाळ्यात रेल्वे स्थानकांबाहेर रानभाजी घेऊन बसणाऱ्या आदिवासी बाईकडून एखादी अनोळखी जुडी अवश्य घ्या, ती कशी शिजवावयाची हे तिलाच नीट विचारून घ्या, आणि तिने सांगितलेला भाव पाडू नका.