जठरातील अम्ल आणि त्यावरील उतारा

जेवण जरा जड झाले, की छातीत जळजळते आणि करपट ढेकर येऊ लागतात. मग घरातील वडील माणूस पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून देते आणि थोड्याच वेळात बरे वाटते. या जुन्या उताऱ्यामागे साधे रसायनशास्त्र आहे.

जठररसात हायड्रोक्लोरिक अम्ल असते, हे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२४ साली दाखवून दिले. हे अम्ल शरीराचा शत्रू नव्हे. त्याच्यामुळे प्रथिनांच्या पचनास साहाय्य होते आणि अन्नाबरोबर आलेले पुष्कळसे जंतू मरतात. जठराच्या आतील बाजूस बुळबुळीत आवरण असल्यामुळे त्याला सहसा इजा होत नाही. अन्ननलिकेला मात्र तितके भक्कम कवच नाही. म्हणून अम्ल वर चढले की दाह सुरू होतो.

अम्ल आणि अल्कली एकत्र आली म्हणजे परस्परांचा गुण नाहीसा करतात. सोडा आणि जठरातील अम्ल यांच्या संयोगाने मीठ, पाणी आणि कार्बन डायॉक्साइड वायू तयार होतो. तोच वायू ढेकर होऊन बाहेर पडतो. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड हेच कार्य वायू न सोडता करते. परंतु त्याने शौचास पातळ होते. उलट, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडने मलावरोध होतो. म्हणूनच पुष्कळ औषधांत ही दोन्ही एकत्र असतात. सोड्यात सोडियम असल्याने रक्तदाबाच्या रोग्याने तो वारंवार घेऊ नये.

ही औषधे जठरात आलेले अम्ल शमवितात. नवे अम्ल तयार होणे थांबवीत नाहीत. छप्पर गळत असता केवळ जमीन पुसावी, तसा हा प्रकार आहे. जठरव्रणामागे पुष्कळदा एक जंतू असतो. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी तो वाढवून दाखविला आणि २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा व्रणास जंतुनाशक औषधेच द्यावी लागतात. म्हणून जळजळ वरचेवर होत असेल, तर डॉक्टरांकडून कारण शोधून घ्यावे.

शिवाय छातीतील प्रत्येक जळजळ जठराचीच असते असे नाही. घाम सुटत असेल, धाप लागत असेल, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. अशा वेळी सोडा पिऊन वाट पाहत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.