सायकलवरून खोरी : प्रवरेच्या उगमाकडे

गेल्या आठवड्याचा भाग लोणीच्या उसात संपला होता. आता त्याच रस्त्याने वर जायचं. कोल्हार-घोटी रस्ता बराचसा प्रवरेच्या खोऱ्यातून, नदीच्या उलट दिशेने चढत जातो. खाली लोणीला १९५०-५१च्या हंगामात पहिलं गाळप केलेला सहकारी साखर कारखाना आणि वर बारी गावाच्या डोक्यावर १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई. मोटारीने गेलं की ही दोन ठिकाणं एकाच जिल्ह्यातली आहेत एवढंच कळतं. सायकलवर मधला प्रत्येक चढ अंगावर घ्यावा लागतो, आणि जमीन कुठे पालटते ते नेमकं समजतं.

ती पालटते अकोल्याच्या पुढे, विठे घाटात. तोपर्यंत ऊस, कांदा, टोमॅटो सोबत असतात. घाट फार लांब नाही, पण कॅरिअरवर सामान लादलेलं असेल तर सगळ्यात हलका गिअर लावूनच चढावा. घाई केली तर पुढे राजूरपर्यंत पाय साथ देत नाहीत. वर पोचलं की भातखाचरं सुरू होतात. मी गेले तेव्हा भाताची कापणी सरत आली होती, खळ्यांवर झोडणी चालली होती. नोव्हेंबरच निवडावा असं मी सांगेन. पावसाळ्यात या रस्त्यांवर धुकं इतकं दाटतं की समोरून येणाऱ्या गाडीला सायकल दिसत नाही.

घाटमाथ्याचा पाऊस समजून घेतल्याशिवाय हा मुलूख उलगडत नाही. कोकणातून येणारे बाष्पभरले वारे सह्याद्रीच्या कड्यावर आदळून वर चढतात, थंड होतात आणि बहुतेक पाणी तिथेच सोडून देतात. घाटघरला काही वर्षी ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. तिथून रस्त्याने ऐंशीएक किलोमीटरवरच्या संगमनेरला जेमतेम त्याचा दहावा हिस्सा पडतो. हा पाऊस अडवण्यासाठीच इंग्रजांनी १९१०मध्ये भंडारदऱ्याचं दगडी धरण बांधायला घेतलं आणि ते १९२६मध्ये पुरं झालं. सुमारे ११ टीएमसी साठा. पाणी नदीपात्रातून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या शेतांत.

धरणाजवळच्या शेंडीहून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल असा फिरून पुन्हा शेंडीला येतो. ही बहुतांश महादेव कोळ्यांची गावं, काही ठाकरांच्या वाड्या. बरीच खाचरं पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर आहेत. धरण डोळ्यांसमोर, पण पाणी खाली आणि शेत वर. बेसॉल्टचा कातळ, त्यावर मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार, त्यामुळे पडलेला पाऊस जमिनीत मुरत नाही, वाहून जातो. एप्रिल-मेमध्ये या भागातल्या कितीतरी विहिरी तळ गाठतात आणि बाया डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात. मला हे चीड आणणारं वाटतं. ज्यांच्या डोंगरावर हे पाणी पडतं, त्यांच्या पिण्याच्या पाण्याचा हिशेब आधी व्हायला हवा, कालव्याच्या आवर्तनांच्या चर्चा त्यानंतर.

पाणी डोंगराचं आणि पीक मैदानाचं, हे फक्त इथलंच नाही. चीनच्या सिचुआन प्रांतात मिन नदीच्या वरच्या खोऱ्यात छ्यांग आणि तिबेटी लोकांची डोंगरी गावं आहेत. सायकलस्वार तिथेही नदीच्या उलट दिशेने चढत जातात. खाली तूच्यांग्येनला इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात नदीचं पाणी विभागणारी योजना उभी राहिली, आणि छंग्तू भोवतालचं मैदान आजही तिच्यावर पिकतं. नदीचा लौकिक तिथेही बराचसा मैदानाच्या वाट्याला आला. छ्यांग लोक घरं आणि उंच टेहळणी बुरूज डोंगराच्याच दगडाचे बांधतात. आपल्याकडे जुन्या घरांना कारवीचा कूड असतो. कारवीच्या सरळ काठ्या उभ्या करून, बांधून, त्यावर शेणमातीचा लेप द्यायचा. भिंत हलकी होते आणि सामान जवळच्याच रानात मिळतं. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, आणि फुलून गेली की वाळते.

उडदावण्याला एका अंगणात पाणी मागितलं, तर म्हातारीने आधी विचारलं, "एकटीच आलीस काय?" हो म्हटल्यावर म्हणाली, "मग जेवून जा." नाचणीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वरण. तिच्या मुलाने मला राब समजावून सांगितला. उन्हाळ्यात वाफ्यावर शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून भाजायचं. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं, माती भुसभुशीत होते. पहिल्या पावसाला तिथे भाताचं बी पेरायचं आणि रोपं वीतभर झाली की खाचरात आवणी. फांद्या किती तोडायच्या यावरून वनखात्याशी कुरबुर असते, कारण हा सगळा परिसर १९८६पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. घरात लाल भाताचं बियाणं राखून ठेवलेलं होतं. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली, हे त्या घरात सगळ्यांना अभिमानाने माहीत होतं.

घाटघरला कड्याच्या टोकाशी उभं राहिलं की खाली कोकण. इथे २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपांनी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची. चारशे मीटरच्या वर पाणी चढवता येतं, हे इथे रोज सिद्ध होतं. वरच्या वाड्यांच्या टाक्यांपर्यंतची उंची त्या मानाने कितीतरी कमी आहे.

साम्रदहून रतनवाडीपर्यंत रस्ता बराच उखडलेला होता. ब्रेक दाबून दाबून बोटं बधिर झाली. रतनवाडीला अमृतेश्वराचं शिलाहारकालीन मंदिर आणि त्याची देखणी पुष्करणी आहे. मागे रतनगड, तिथेच प्रवरेचा उगम मानतात. रतनगडाच्या पलीकडे सायकल नेता येत नाही, पायवाटच आहे. म्हणून राजूरला परतून अंबित, कुमशेत, पाचनईकडे वळायचं. ते मुळेचं खोरं, पुढच्या आठवड्यात.