गेमपॅड धरावा कसा?

विषयाचे नाव ऐकून काही जणांना हसू येईल. व्हिडिओ गेमचे खेळणे हातात कसे धरावे, यावर बोलण्यासारखे काय आहे? पण मी धाराशिवमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो आणि गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत एक बदल दिसतो आहे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखते म्हणून पूर्वी येत त्या बहुतेक गृहिणी आणि तान्ह्या बाळांच्या आया. भाकरी थापणे, धुणे पिळणे, बाळाला काखेत हात घालून उचलणे, या कामांत अंगठ्यावर सतत ताण येतो. आता त्याच जागेवर बोट ठेवून अठरा-वीस वर्षांची मुले येतात. काय करतोस, असे विचारले तर गप्प बसतात. मग सोबतची आईच सांगते, "रातंदिस त्याच्या हातात त्ये गेमचं डबडं असतंय बघा, डॉक्टर."

डबडे काढून घ्या, असे सांगणे सोपे आहे. पण त्याने प्रश्न सुटत नाही. या खेळांना आता स्पर्धेचे रूप आले आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत ई-स्पोर्ट्सचे सामने प्रदर्शनी म्हणून झाले. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या स्पर्धेत त्यांना पदके मिळू लागली आणि तेथे 'स्ट्रीट फायटर ५' या लढतीच्या खेळात अयान बिस्वास व मयंक प्रजापती हे भारतीय खेळाडूही उतरले होते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली, पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला वेगळे स्थान दिले. तेव्हा मूल खेळणारच असेल, तर हात शाबूत ठेवून कसे खेळावे, हे सांगणे माझे काम आहे.

आधी हे खेळ कसे असतात ते पाहू. 'टेकन' किंवा 'स्ट्रीट फायटर' यांत पडद्यावर दोन पहिलवान समोरासमोर उभे असतात. ठोसा, लाथ, बचाव, पकड, सारे काही बटणांवर. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते, म्हणजे एक चित्र सेकंदाचा साठावा भाग टिकते. काही डाव असे आहेत की दोन बटणे एकाच चित्राच्या अवधीत दाबली गेली तरच ते लागतात. डोळ्याने पाहून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे बारा ते पंधरा चित्रे. त्यामुळे खेळाडूला सगळे पाहून करता येत नाही. बरेचसे हाताच्या सवयीवर सोडावे लागते. हाताची सवय पकडीवर अवलंबून असते, म्हणून पकडीला एवढे महत्त्व.

आपल्याकडच्या चाळिशीतल्या मंडळींना नाणे टाकून खेळायच्या पेट्या आठवत असतील. एसटी स्टँडजवळच्या पार्लरमध्ये आणि जत्रेत त्या असत. त्यात डाव्या हाताला दांडी आणि उजव्या हाताला बटणे. १९८७ च्या पहिल्या 'स्ट्रीट फायटर'च्या एका पेटीत तर दोन मोठ्या गाद्या बसवल्या होत्या. जितक्या जोरात मारावे तितका ठोसा जोरदार. ती पद्धत टिकली नाही आणि तिच्या जागी सहा साधी बटणे आली. पण हात आपटण्याची सवय मात्र अजून गेली नाही.

दांडीऐवजी अंगठ्याने दिशा द्यायची युक्ती जपानच्या निन्टेन्डो कंपनीतील गुनपेई योकोई यांची. १९८२ मध्ये हातात मावणाऱ्या एका खेळावर त्यांनी अधिकच्या चिन्हासारखे चार टोकांचे बटण बसवले. १९९४ मध्ये प्लेस्टेशन आले, तेव्हा त्याच्या पॅडला खाली दोन मुठी होत्या. आज दुकानात मिळणारा बहुतेक प्रत्येक गेमपॅड या दोघांचा वंशज आहे. त्यामुळे पूर्वी सगळा हात जे काम करत असे, ते दोन अंगठ्यांवर आले. दुखण्याचे मूळ येथे आहे.

आता हाताची रचना समजून घेऊ. बोटे हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. तेथून दोऱ्यांसारख्या कंडरा निघतात आणि मनगटातून बोटांपर्यंत जातात. मनगट सरळ असले की दोरी सरळ ओढली जाते. ते वाकले की दोरी कडेला घासते आणि तेवढ्याच कामाला जास्त जोर लागतो. विहिरीच्या रहाटावरून दोर घसरून कडेला घासू लागला की काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे.

अंगठा बाजूला व वर उचलणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला एकाच अरुंद म्यानातून जातात. ते म्यान सुजले की अंगठा हलवताना कळ येते. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केर्व्हेन यांनी १८९५ मध्ये या दुखण्याचे वर्णन केले आणि त्यांच्याच नावाने ते ओळखले जाते. भाकरी थापणाऱ्या बाईचे आणि गेम खेळणाऱ्या मुलाचे दुखणे बऱ्याचदा हे एकच असते. गेममुळे होणाऱ्या कंडरांच्या दुखण्याची नोंदही नवी नाही. १९९० मध्ये एका अमेरिकन डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात एका पस्तीस वर्षांच्या स्त्रीची हकीकत दिली होती. सलग पाच तास निन्टेन्डो खेळल्यावर तिचा उजवा अंगठा दुखू लागला होता.

गेमपॅड धरण्याच्या मुख्यतः तीन पद्धती आहेत. पहिली सरळ पकड. दोन्ही मुठी तळव्यात, अंगठे वर, तर्जनी मागच्या बटणांवर. ही सर्वांत आरामाची, कारण पॅडचे वजन मधल्या, अनामिका आणि करंगळी या बोटांवर राहते. अडचण एवढीच की उजव्या बाजूच्या चार बटणांना एकटा अंगठा पुरा पडत नाही.

दुसरी पंजा पकड. मोबाइलवर गोळीबाराचे खेळ खेळणारी मुले हिला 'क्लॉ' म्हणतात. यात उजवी तर्जनी वाकवून वरून बटणांवर आणतात. अंगठा आणि तर्जनी दोघे मिळून दाबतात, त्यामुळे वेग वाढतो. पण वाकलेले बोट तासन्तास तसेच ठेवायचे, तर त्याचे सांधे आणि मनगट दोन्ही अवघडतात. लहान हाताच्या मुलांना ही जास्त जाचते.

तिसरी मांडी पकड. पॅड मांडीवर किंवा टेबलावर टेकवायचा, डाव्या हाताने नेहमीसारखा धरायचा आणि उजव्या हाताची दोन-तीन बोटे पेटीवरच्या बटणांसारखी वरून वापरायची. पॅडचे वजन हातावर येत नाही, हा मोठा फायदा. मात्र पॅड घसरता कामा नये, आणि मान खाली घालून बसायची सवय लागू शकते.

दांडीच्या पेटीवर खेळणारेही एकसारखे धरत नाहीत. कुणी दांडीचा गोळा वरून मुठीत झाकतात, कुणी चिमटीत धरतात, कुणी दांडी दोन बोटांच्या फटीतून घेऊन गोळा तळव्यावर पेलतात. तिन्ही पद्धतींनी खेळणारे तरबेज खेळाडू आहेत.

मग यातली चांगली कोणती? २०१४ मध्ये लास व्हेगासला 'इव्हो' ही लढतीच्या खेळांची नावाजलेली स्पर्धा झाली. दांडीच्या महागड्या पेट्या वापरणारे खेळाडू तेथे भरपूर होते. 'अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४'ची लढत जिंकली ती फ्रान्सच्या ऑलिव्हिए हे यांनी, खेळातले नाव लफी. त्यांच्या हातात पहिल्या प्लेस्टेशनचा साधा, जुना पॅड होता. २०१९ मध्ये लाहोरच्या अर्सलान सिद्दिकी या तरुणाने 'टेकन ७'मध्ये जपानची आणि लास व्हेगासची, अशा दोन्ही इव्हो स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. लाहोरच्या पार्लरांत हा तरुण घडला. सांगायचे एवढेच, की महाग वस्तू घेतली म्हणजे हात बसतो असे नाही. ज्या पकडीत आपला हात सैल राहून चुकत नाही, ती आपली पकड.

ती शोधायची कशी, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट बैठक. पाठ टेकलेली, खांदे सैल, कोपर अंगाजवळ आणि साधारण काटकोनात. मांडीवर उशी घेऊन हात त्यावर टेकवले तरी चालतात. पलंगावर आडवे पडून, कोपर पूर्ण दुमडून खेळू नये. कोपराच्या आतून जाणारी नस त्याने ताणली जाते आणि करंगळीला मुंग्या येतात.

दुसरी गोष्ट वजन. पॅड हातात घ्या आणि दोन्ही अंगठे उचला. पॅड पडला नाही आणि मनगटही वाकले नाही, तर वजन योग्य बोटांवर आहे. पॅड डळमळला तर अंगठ्यांवर दोन कामे पडताहेत, धरायचे आणि दाबायचे. ती वेगळी करा.

तिसरी गोष्ट जोर. आजच्या बटणाला दाबले आणि सोडले, एवढेच कळते. जोरात दाबल्याने लाथ जोरात बसत नाही. खेळता खेळता नखाकडे पाहा. नख पांढरे पडत असेल तर जोर फुकट जातो आहे. नवी खुरपणारी बाई खुरपे आवळून धरते आणि दुपारपर्यंत तिच्या हाताला फोड येतात. सरावाची बाई ते सैल धरते आणि तिची पात पुढे जाते. दिशेच्या बटणावरही अंगठा उचलून आपटू नये. खाली, तिरके, पुढे असा डाव असेल तर अंगठ्याचा मांसल भाग टेकवून तो हळूच लोळवावा.

चौथी गोष्ट बटणांची मांडणी. 'टेकन'मध्ये चौकोन म्हणजे डावा हात, त्रिकोण उजवा हात, फुली डावा पाय आणि गोल उजवा पाय. शेजारची दोन बटणे अंगठा आडवा ठेवून एकदम दाबता येतात. पण चौकोन आणि गोल ही समोरासमोरची जोडी एका अंगठ्याने दाबायला गेलात तर मनगट पिळवटते. अशा जोड्या मागच्या बटणांवर नेमण्याची सोय खेळातच असते. स्पर्धेला जाणार असाल तर तेथील नियम आधी वाचून घ्या.

पाचवी गोष्ट धीर. एका वेळी एकच बदल करा आणि त्याला दोन आठवडे द्या. नव्या पकडीत आधी हरणे ठरलेलेच असते. त्या दिवसांत स्पर्धेचे सामने न खेळता नुसता सराव करा. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे पॅड खाली ठेवा, मुठी उघडा, मिटा, खांदे फिरवा.

माझ्याकडे आलेल्या एका तरुणाचे उदाहरण देतो. तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. दिवसभर बारीक चिमटा आणि स्क्रू ड्रायव्हर, रात्री तीन-चार तास टेकन. उजव्या अंगठ्याची कळ इतकी वाढली की हातातून चिमटा सुटू लागला. मालकाने दुसरा मुलगा पाहायला सुरुवात केली होती. त्याच्या कमाईवर घर चालत होते, त्यामुळे प्रश्न केवळ खेळाचा नव्हता. तीन आठवडे अंगठ्याला आधाराची पट्टी आणि गेम पूर्ण बंद, एवढे त्याने मान्य केले. दुकानातले काम मात्र सोडता येत नव्हते. ते आम्ही उंच टेबल आणि जाड मुठीचा स्क्रू ड्रायव्हर देऊन हलके केले. नंतर पंजा पकड सोडून तो मांडी पकडीवर आला, दोन जोड्या मागच्या बटणांवर गेल्या आणि रोजची वेळ एका तासावर आली. दीड-दोन महिन्यांत कळ ओसरली. पुढे तो पुण्याला एका स्पर्धेत खेळला आणि पहिल्याच दिवशी बाद झाला. मला फोन करून म्हणाला, "सर, हरलो; पण दुसऱ्या दिवशी दुकानात वेळेवर होतो."

शेवटी धोक्याच्या खुणा सांगतो. खेळ थांबवल्यावर दुसऱ्या दिवशीही दुखणे राहिले, रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग आली, अंगठा हलवताना कट्‌ आवाज होऊन तो अडकला किंवा हातातून वस्तू सुटू लागली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. मलम चोळून खेळत राहू नका आणि मनगट कडकड मोडून घेऊ नका. सुरुवातीला विश्रांती आणि पट्टीने भागते. उशीर झाला तर इंजेक्शन आणि क्वचित शस्त्रक्रियेची वेळ येते.

आईवडिलांना एक विनंती. आपल्या जिल्ह्याने खो-खोला सारिका काळे यांच्यासारखी अर्जुन पुरस्कार मिळवणारी खेळाडू दिली. मैदानावरच्या मुलीचा पाय मुरगळला तर आपण तिला रागावत नाही, आधी पाय पाहतो. पडद्यावर खेळणाऱ्या मुलाचा हात दुखला तर तोही आधी पाहावा. खेळ किती वेळ आणि कसा, हे त्यानंतर बसून ठरवावे. रागाच्या भीतीने मूल दुखणे लपवते आणि लपवलेले दुखणे वाढते. आज घरी गेल्यावर मुलाला एवढेच म्हणा, "बाळा, ते कसं धरतोस ते जरा दाखव बघू."