देवाची मुले (ख्रिस्ती संकल्पना)

'देवाची मुले' ही ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत संकल्पना आहे. सर्व माणसे देवाने निर्माण केली असली, तरी त्याची मुले होण्याचा अधिकार ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यांना मिळतो, असे योहानकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात म्हटले आहे. येशू हा देवाचा एकमेव पुत्र मानला जातो. विश्वासणाऱ्यांचे पुत्रत्व हे कृपेचे दान होय.

हे नाते स्पष्ट करताना पौलाने रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत दत्तकपणाचा दाखला दिला आहे. रोमन कायद्यानुसार दत्तकपुत्राला नवे कुल आणि वारसाहक्क मिळत असे. त्याप्रमाणे विश्वासणारा देवाचा वारस ठरतो, दासाची भीती सोडून त्याला 'अब्बा' (अरामी भाषेत पिता) अशी हाक मारतो आणि इतर विश्वासणाऱ्यांचा भावंड होतो.

महाराष्ट्रात या नव्या कुलाची किंमत कवी नारायण वामन टिळक यांच्या चरित्रात दिसते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर ते स्वकीयांना दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. ती हकीकत लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आली आहे. टिळकांनी आपल्या अभंगांत ख्रिस्ताला माउली मानले. त्यामुळे पिता-पुत्राच्या या नात्याला वारकरी परंपरेतील माय-लेकराच्या जिव्हाळ्याची जोड मिळाली. १९१७ मध्ये त्यांनी स्थापलेल्या 'देवाचा दरबार' या बंधुसंघात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते.