परदेशाचे कागद (भाग ९) : सबमिट दाबल्यानंतर

रात्री पावणेबाराला फोन वाजला की आमच्या वयाच्या माणसाच्या पोटात गोळाच येतो. पण फोन भाच्याचा होता आणि घरचे सगळे सुखरूप होते. "मामा, घोळ झालाय. पीआरचा अर्ज टाकून आठ दिवस झाले आणि आत्ता दिसलं, आधीच्या कंपनीतली शेवटची तारीख चुकलीय. रिलीव्हिंग लेटरवर २६ मार्च आहे, मी ३१ टाकलीय. पाच वर्षांची बंदी घालतात म्हणे!"

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर पीआर (कायम वास्तव्य) देणाऱ्या योजनेत, आमंत्रण आल्यापासून अर्ज भरायला ६० दिवस मिळतात, ते कसे जातात हे मागच्या भागात पाहिलं. त्या साठ दिवसांत एचआरच्या मागे लागून, बँकेत खेटे घालून, पोलिसांचा दाखला काढून माणूस इतका पिचतो की सबमिट दाबल्यावर आठवडाभर त्या फाइलचं तोंड बघावंसं वाटत नाही. मग एका रात्री सगळ्या पीडीएफ नीट लावून ठेवायला बसतो, आणि चूक दिसते. पोर्टलवर तो अर्ज आता नुसता वाचता येतो. दुरुस्त करायला बटण नसतं.

मी त्याला म्हटलं, "आधी पाणी पी. मग अख्खा फॉर्म मला वाचून दाखव." वाचत वाचत तो पार्श्वभूमीच्या प्रश्नांपाशी आला. कॅनडाने किंवा इतर कुठल्याही देशाने तुम्हाला कधी व्हिसा नाकारला आहे का? "नो," म्हणून तो पुढे सरकला.

"थांब जरा. २०१७ साली न्यू जर्सीला चुलत बहिणीच्या लग्नाला जायचं म्हणून तू बीकेसीला मुलाखतीला गेला होतास, त्याचं काय झालं?"

"ते होय! दोन मिनिटांत परत पाठवलं त्यांनी. पण ते अमेरिकेचं होतं ना मामा. आणि तोही टूरिस्ट व्हिसा. हा कॅनडाचा पीआर आहे."

ज्या चुकीपायी त्याची झोप उडाली होती ती पाच दिवसांची होती. आणि ज्या ओळीवरून तो सहज पुढे गेला, खरी भीती तिथेच होती. मी पाहिलेल्या बहुतेक अर्जदारांचं असंच होतं. तारीख, स्पेलिंग, पिनकोड यांनी ते घामाघूम होतात, कारण या गोष्टी दिसतात. विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं चुकीचं उत्तर मात्र डोळ्यांना खुपत नाही. 'नो' हा शब्द दिसायला अगदी स्वच्छ असतो.

कायदा काय म्हणतो ते एकदा नीट बघू. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं ४०वं कलम चुकीची माहिती देण्याबद्दल आहे. महत्त्वाची बाब प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे चुकीची सांगितली किंवा दडवली, आणि त्यामुळे निर्णयात चूक झाली किंवा होऊ शकली असती, तर अर्जदार अपात्र ठरतो. ही अपात्रता पूर्वी दोन वर्षांची होती, नोव्हेंबर २०१४पासून पाच वर्षांची झाली, आणि त्या काळात पीआरचा नवा अर्जही करता येत नाही. या मजकुरातले दोन शब्द पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवावेत असे आहेत : 'महत्त्वाची' आणि 'होऊ शकली असती'. पहिल्या शब्दामुळे भाच्याची ३१ मार्च सुटते. त्या पाच दिवसांनी त्याच्या अनुभवाच्या वर्षांत काही फरक पडत नाही, गुणांत पडत नाही. दुसऱ्या शब्दांमुळे अमेरिकेचा नकार अडकतो. तो नकार सांगितला असता तर कदाचित काहीच झालं नसतं. अमेरिकेने टूरिस्ट व्हिसा नाकारला म्हणून कॅनडाचा पीआर मिळत नाही, असा काही नियम नाही. पण अधिकाऱ्याने तो तपासला असता, चार प्रश्न विचारले असते. 'नो' लिहून त्याची ती संधी गेली. कायद्याला एवढं पुरतं. आणि त्यांना कळणार कसं, असं कुणी म्हणत असेल तर कॅनडा आणि अमेरिका यांच्यात व्हिसाच्या माहितीच्या देवाणघेवाणीचा करारच आहे, २०१२ सालचा. बोटांचे ठसे तर दोन्हीकडे आपणच दिलेले असतात.

भाच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. "पण मी मुद्दाम नाही केलं." हे खरं होतं, आणि दुर्दैवाने ते पुरेसं नाही. या कलमाला हेतू लागत नाही. प्रामाणिक चुकीला न्यायालयांनी एक चिंचोळी वाट ठेवली आहे : आपण काही दडवतोय असं अर्जदाराला प्रामाणिकपणे वाटत नव्हतं, आणि तसं न वाटणं वाजवीही होतं, तर. १९९०च्या एका निकालात ही वाट आखली गेली. फिलिपिन्समधल्या एका बाईला नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपवर व्हिसा मिळाला होता. नंतर नवऱ्याने स्पॉन्सरशिप मागे घेतली. वकिलातीने मात्र तिला ते न सांगता, व्हिसात काही चूक राहिली आहे, दुरुस्तीसाठी परत करा, एवढीच तार केली. इंग्रजी येणाऱ्या नातेवाइकांना तिने व्हिसा दाखवला. त्यांना त्यात चूक दिसेना. ती तोच व्हिसा घेऊन कॅनडात उतरली. न्यायालय तिच्या बाजूने उभं राहिलं. आता या गोष्टीशेजारी आपली गोष्ट ठेवून पाहा. 'इतर कुठल्याही देशाने' हे शब्द प्रश्नातच छापलेले होते. आपण घाईत वाचलं, ही सबब त्या बाईच्या तारेसारखी भक्कम नाही.

मग उरतं काय? उरते वेळ. अधिकाऱ्याने विचारण्याआधी आपण सांगितलं तर ती दुरुस्ती. त्याने विचारल्यावर सांगितलं तर तो जबाब. कागद तोच, शब्दही तेच, वजन वेगळं. आधी सांगितल्याने सगळं माफ होतंच अशी हमी कुणी देऊ शकत नाही, आणि देणाऱ्या एजंटापासून लांब राहावं. पण एक्स्प्रेस एंट्रीचा अर्ज निकाली काढायला सहा महिन्यांचं उद्दिष्ट आहे. पहिल्या आठवड्यात गेलेलं पत्र आणि पाचव्या महिन्यात, नोटीस आल्यानंतर गेलेलं पत्र, यांतलं कुठलं खरं वाटतं हे सांगायला वकील लागत नाही.

आपल्याकडे अर्जातली चूक खिडकीपाशी सुटते. बाबू म्हणतो, खाडाखोड करा आणि बाजूला सही करा. नाहीतर, राहू द्या, चालतंय. कॅनडाच्या अर्जाला खिडकी नाही. तिथे आयआरसीसीचा, म्हणजे त्यांच्या इमिग्रेशन खात्याचा, वेबफॉर्म असतो. त्यात अर्जाचा क्रमांक टाकायचा, दुरुस्त केलेला फॉर्म नव्या तारखेने जोडायचा, नाकारल्याचं पत्र असेल तर तेही, आणि वर एक खुलाशाचं पत्र. या पत्राला अर्जदारांच्या बोलीत 'एलओई' म्हणतात.

हे पत्र लिहिणं ही अवघड कला आहे. भाच्याचा पहिला मसुदा दोन पानांचा होता. त्यात आजीचं आजारपण होतं, ऑफिसातला रिलीजचा ताण होता, कॅनडाच्या बहुसांस्कृतिक समाजाबद्दल आदर होता आणि क्षमायाचना चार वेळा होती. २०१७चा नकार दुसऱ्या पानावर, तळाशी. मी म्हटलं, "अरे, हे पत्र वाचणाऱ्याच्या टेबलावर अशा किती फायली असतील! त्याला तुझी आजी शोधायची नाहीये." कापून कापून पत्र आठ ओळींवर आलं. कुठल्या फॉर्मातला कुठला प्रश्न, आधी काय उत्तर दिलं, बरोबर उत्तर काय, कुठल्या महिन्यात कुठल्या वकिलातीने कुठला व्हिसा नाकारला, चूक कशी झाली ते एका वाक्यात, सोबत काय जोडलं आहे. ३१ मार्चही त्याच पत्रात, शेवटून दुसऱ्या ओळीत. नाकारल्याचं छापील पत्र ताईने जपून ठेवलं होतं, वीजबिलांच्या फाइलीत. आमच्या घराण्यात कागद टाकत नाहीत, एवढा एक गुण आहे.

गुणांवर परिणाम करणारी चूक मात्र वेगळ्या जातीची. तिला खुलाशाचं पत्र पुरत नाही. परदेशातला अनुभव तीन वर्षांचा धरला आणि भाषेची पातळी नऊ असली, की त्या जोडीचे ५० गुण मिळतात. तीन वर्षं भरायला महिना कमी असेल तर २५. ड्रॉचा कटऑफ दोन-चार गुणांनी हुकतो तिथे २५ गुण म्हणजे आमंत्रणच येणार नव्हतं. अधिकारी कागद बघून गुण पुन्हा मोजतो, आणि आमंत्रणाच्या दिवशी हक्काचे नसलेले गुण सापडले की अर्ज नाकारला जातो. म्हणून हे मोजमाप सबमिट करण्याआधीच करायचं. कमी भरले तर आमंत्रण नाकारायचं. नाकारल्याची शिक्षा नाही, प्रोफाइल पुन्हा पूलमध्ये जातं. काहीच न करता ६० दिवस जाऊ दिले तर मात्र आमंत्रण आणि प्रोफाइल दोन्ही जातात. हातातोंडाशी आलेलं आमंत्रण सोडायला छाती लागते. पण 'जाऊ दे, कोण मोजतंय' म्हणणाऱ्याला सांगावंसं वाटतं, मोजणं हेच तिथल्या माणसाचं काम आहे.

दहा वर्षांच्या वैयक्तिक इतिहासाबद्दल थोडक्यात. त्यात महिनाही रिकामा चालत नाही. एमपीएससीच्या तयारीत गेलेली दोन वर्षं लिहायला आपल्या मुलांना लाज वाटते, म्हणून आधीची नोकरी तिकडे ताणली जाते. बेकार होतो, परीक्षेची तयारी करत होतो, असं लिहिल्याने कुणाचा अर्ज अडत नाही. ताणलेली नोकरी मात्र पीएफच्या पासबुकाशी जुळत नाही. नावाच्या घोळाचं तर इतकं घाबरूच नये. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मुलाच्या नावाला चिकटलेलं, लग्नानंतर तिसरंच काही. ही चूक नाही, ही महाराष्ट्राची रीत आहे. एका प्रतिज्ञापत्रात भागतं.

न सांगितलेलं लग्न मात्र भागत नाही. इथे मला थोडं थांबायचंय, कारण असं वरचेवर होतं. मुलगी अविवाहित म्हणून अर्ज करते. अर्ज चालू असताना स्थळ येतं, मुहूर्त निघतो, लग्न होतं. "रजिस्टर कुठे केलंय अजून? पीआर हातात आला की करू, मग जावयाला बोलावून घेईल," असं मांडवातच ठरतं. पण हिंदू विवाह कायद्याप्रमाणे विधी झाले की लग्न झालं, नोंदणी हा त्याचा पुरावा. म्हणजे लँडिंगच्या वेळी ती विवाहित असते आणि कागदावर कुमारी. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांत कलम ११७(९)(ड) आहे. पीआर घेताना जोडीदार किंवा मूल सांगितलं नाही, आणि त्यामुळे त्याची तपासणी झाली नाही, तर पुढे कुटुंब म्हणून त्याला स्पॉन्सर करता येत नाही. पाच वर्षांनी सुटेल अशी ही बंदी नाही. सांगितलं असतं तर नवऱ्याची वैद्यकीय तपासणी, त्याचा पोलिसांचा दाखला, खात्यात थोडे जास्त पैसे दाखवणं, आणि काही महिने उशीर, एवढ्यावर निभावलं असतं. मूल झालं तरी हेच. बारशाचं आमंत्रण आयआरसीसीलाही, असं मी गमतीने म्हणतो.

आणि एजंट. "मी नाही भरला, त्यांनी भरला," हे उत्तर तिथे चालत नाही. पोर्टलवर शेवटी आपलं नाव टाइप केलेलं असतं, तीच सही. पैसे घेऊन अर्ज भरून देणारा माणूस एकतर तिथला वकील हवा, नाहीतर कन्सल्टंटांच्या कॉलेजचा परवानाधारक, आणि त्याचं नाव प्रतिनिधीच्या फॉर्मवर हवं. तसं नाव द्यायला जो कां-कूं करतो तो पासवर्डही देत नाही, आणि भरलेल्या फॉर्मची प्रतही. प्रत हातात नसेल तर आपल्या नावावर काय चूक गेली आहे, ते कळायलाही वाव नाही.

समजा उशीर झालाच, आणि त्यांचंच पत्र आलं. त्याला 'प्रोसिजरल फेअरनेस लेटर' म्हणतात. संशय काय आहे ते त्यात लिहिलेलं असतं आणि उत्तराची मुदत दिलेली असते. हे पत्र म्हणजे निकाल नव्हे, आपलं म्हणणं मांडायची ती संधी आहे. पण इथून पुढे मामा, मित्र आणि व्हॉट्सअॅप ग्रुप यांनी बाजूला व्हावं. कॅनडाच्या वकिलाची फी या एका ठिकाणी वसूल होते. मुदत वाढवून हवी असेल तर ती संपण्याआधी मागावी. आणि नवी गोष्ट रचू नये. पहिली चूक विसरभोळेपणाची असू शकते. दुसरी तशी वाटत नाही.

भाच्याने वेबफॉर्म पाठवला तो रविवार होता. मिळाल्याची यांत्रिक पोच लगेच आली. तिचा स्क्रीनशॉट काढून त्याने मला, ताईला आणि न्यू जर्सीच्या त्या चुलत बहिणीलाही पाठवला. तिला काहीच कळेना. हा भाग लिहितोय तेव्हा त्या गोष्टीला सात आठवडे होतील. उत्तर नाही. रोज सकाळी तो पोर्टल उघडतो, आणि ताई मला फोन करून विचारते, "अरे, पण ते तारखेचं काही होणार नाही ना?"

पुढच्या भागात : पोलिसांचा दाखला, आणि तीन शहरांत राहिलेल्या माणसाने तो कुठून काढायचा.