चार मुलूख, दोन सायकली

नेदर्लंड्समध्ये नोकरीस असलेली आमची भाची आणि तिचे यजमान दर उन्हाळ्यात सायकली काढतात आणि बेल्जियम, लक्झेंबर्ग, जर्मनी असे शेजारचे देश पालथे घालतात. एका देशातून दुसऱ्यात केव्हा शिरलो हे कळतसुद्धा नाही, रस्त्याकडेची पाटी तेवढी बदलते, असे तिने मागे कळवले होते. 1985 साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या लहानशा गावी, मोझेल नदीत उभ्या असलेल्या बोटीवर पाच देशांनी करार केला. पुढे 1995 पासून सरहद्दीवरची तपासणी उठू लागली, त्याचे हे फळ. मी हे कौतुकाने वाचून दाखवले, तर आमची ही शांतपणे म्हणाली, "त्यात काय एवढं? आपल्या दारातसुद्धा चार मुलूख होते. ते कुठे पाहिलेत तुम्ही?"

खरेच होते. कोल्हापुराहून कागलमार्गे निघालेला माणूस निपाणीला पोचला की ब्रिटिशांच्या बेळगाव जिल्ह्यात जाई, गडहिंग्लजला पुन्हा करवीरच्या राज्यात येई, आंबोलीला सावंतवाडीकर भोसल्यांच्या हद्दीत उतरे आणि बांद्याच्या पलीकडे पोर्तुगालात. होय, पोर्तुगालात! लिस्बनचे सरकार गोव्याला वसाहत न म्हणता आपला सागरापलीकडचा प्रांत म्हणत असे. सावंतवाडी 1948 साली मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर 1949 च्या मार्चात. चौथ्या मुलुखाची सरहद्द मात्र 19 डिसेंबर 1961 पर्यंत टिकली.

हिच्या मनात ती चौथी सरहद्द होती. हिचे आजोबा 15 ऑगस्ट 1955 च्या सत्याग्रहाला पत्रादेवीच्या बाजूने गेले होते. हद्द ओलांडून जेमतेम शंभर पावले चालले असतील, तोच गोळीबार सुरू झाला. त्या धांदलीत मनगटावर तडाखा बसला आणि त्यांना माघारी ढकलण्यात आले. मनगटाचे हाड वाकडेच सांधले, नातवंडांना ते हात दाखवत आणि म्हणत, "पलीकडे काय आहे ते बघायचं राहून गेलं." पुढे गोवा मुक्त झाला, एस.टी. सुरू झाली, पण आजोबा गेले नाहीत. का गेले नाहीत, हे घरात कुणी विचारले नाही.

तेव्हा गेल्या डिसेंबरात आम्ही उभयता निघालो. माझे वय अठ्ठावन्न, हिचे चोपन्न. जोडप्याने सायकलवरून मुलूख पाहावा यात नवल काही नाही; हंटर वर्कमन आणि फॅनी वर्कमन हे अमेरिकन पतिपत्नी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलवरून आपला हिंदुस्थान हिंडले आणि 1904 साली त्यांनी त्यावर जाडजूड पुस्तक काढले. आमच्या शेजाऱ्यांना मात्र हे पटवता आले नाही.

आजऱ्यापर्यंतच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखे थोडेच. ऊस, ट्रॅक्टर आणि धूळ. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच. तिथून खाली घाट उतरताना दोन्ही ब्रेक दाबून बोटे बधिर झाली. सावंतवाडीला मोती तलावाकाठी मुक्काम केला, लाकडी खेळण्यांच्या दुकानात ही अर्धा तास रमली आणि दुसऱ्या दिवशी बांद्याला तेरेखोल नदी ओलांडली.

पत्रादेवीला आता रुंद महामार्ग आहे. ट्रक सुसाट जातात. हुतात्मा स्मारकापाशी आम्ही सायकली टेकवल्या. त्या एका दिवसात गोव्याच्या सरहद्दींवर वीसहून अधिक निःशस्त्र माणसे मेली. पंजाबातून आलेले कर्नैलसिंग इथेच पडले. मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय हाती तिरंगा घेऊन गोळ्या झेलत्या झाल्या. ही काही बोलली नाही. सायकल हातात धरून चालू लागली. मी मागून. पुष्कळ अंतर गेल्यावर म्हणाली, "शंभर झाली," आणि सायकलवर बसली.

तर पलीकडे काय होते? पहिल्याप्रथम पाव! डोक्याएवढी टोपली कॅरिअरला बांधून, भोंपू वाजवत एक पोदेर आम्हांला मागे टाकून गेला. त्याच्या सायकलला गिअर नव्हता. बाकी सारे अलीकडच्यासारखेच: तोच जांभा दगड, तीच कौले, अंगणात तुळस, आणि बोली बांद्याच्या बाजारात ऐकलेलीच. पेडण्याच्या भगवतीच्या देवळात शिरताना दोहो बाजूंना दगडी हत्ती उभे आहेत. त्यांच्या सावलीत बसलेल्या म्हाताऱ्या बाईने हिला गाव विचारले, मग माहेर विचारले. पेडणे 1788 पर्यंत सावंतवाडीकरांचेच होते. म्हणजे ज्या रेषेवर माणसे मेली, ती एकाच घरातून काढलेली भिंत होती.

खरा देश बदलतो तो कोलवाळच्या पुलावर. शापोरा नदी ओलांडली की बार्देश लागतो. तो 1543 पासून पोर्तुगीजांकडे, म्हणून वळणावळणाला पांढरी चर्चे आणि दारादारांत क्रूस. थिवी, अस्नोडा करीत आपण डिचोलीत शिरावे, तो पुन्हा देवळे सुरू! डिचोली त्यांनी 1780 च्या दशकात घेतली, तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. मोटारीतून जाणाऱ्याला हे जाणवणार नाही. सायकलवाल्याला एका दुपारात अडीचशे वर्षांचे अंतर पायांनी मोजता येते. डिचोलीची माती लोखंडाची. खाणी 2012 साली आणि पुन्हा 2018 साली बंद पडल्या, मग सुरू होऊ लागल्या. लाल धूळ मात्र मधल्या काळातही झाडांवरून उतरली नसावी. आमच्या पांढऱ्या टोप्या तिथेच गेल्या.

नार्वे गाव डिचोलीच्या टोकाला, नदीकाठी. इथला सप्तकोटेश्वर हा कदंब राजांचा कुलदेव. त्याचे मूळ देऊळ समोरच्या दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात तिथली देवळे पाडली गेली, तेव्हा भाविकांनी लिंग पाणी ओलांडून या काठी आणले. शिवछत्रपतींनी 1668 साली इथे देवळाचा जीर्णोद्धार करवला. गोवा सरकारने अलीकडे ते पुन्हा दुरुस्त केले आणि 2023 साली उघडले. ही गाभाऱ्यासमोर बराच वेळ उभी होती. बाहेर आल्यावर पायरीवर बसून म्हणाली, "आजोबांना वाटत असेल, पलीकडे काहीतरी वेगळं असणार. इथे तर देवसुद्धा सरहद्द ओलांडून आलेला." मग थोड्या वेळाने, "त्यांना आवडलं असतं. पाव सोडून."

देवाची वाट उलटी धरून आम्ही नार्व्याच्या धक्क्यावरून दिवाडीच्या फेरीबोटीत सायकली चढवल्या. बोटीवरच्या खलाशाने "खंयचे तुमी?" म्हणून विचारले. कोल्हापूर म्हटल्यावर त्याने एकदा सायकलींकडे, एकदा आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले.

"आनी परत?"

"परत एस.टी.नं," ही म्हणाली, आणि बोट सुटली.