ओळ एकच, पण ती का बदलली?
ओपन सोर्सच्या कार्यशाळेत : लेखांक ६

लिनक्स कर्नलचा कोणता भाग कोणाच्या देखरेखीखाली असतो आणि 'मेंटेनर्स' नावाच्या फाइलमध्ये त्याची नोंद कशी ठेवतात, हे मागच्या लेखात पाहिलं. आता प्रश्न असा की, बाहेरून आलेला बदल त्या मेंटेनरसमोर पडला की तो आधी काय वाचतो? कोड नव्हे. कोडच्या डोक्यावर लिहिलेला मजकूर तो आधी वाचतो, आणि पुष्कळ पॅच तिथेच अडतात.

एक उदाहरण घेऊ. रचलेलं आहे, पण असे पॅच कर्नलमध्ये सतत येत असतात. एका यूएसबी उपकरणाचा ड्रायव्हर आहे. उपकरण जोडलं की ड्रायव्हर आधी मेमरी मागून घेतो, मग फर्मवेअर चढवतो. फर्मवेअरची फाइलच सापडली नाही तर फंक्शन तिथूनच परत फिरतं आणि घेतलेली मेमरी तशीच अडकून पडते. दुरुस्ती एका ओळीची: थेट परत फिरण्याऐवजी मेमरी मोकळी करणाऱ्या टप्प्याकडे वळायचं. नवखा प्रोग्रॅमर यावर 'मेमरी लीक दुरुस्त केला' एवढं लिहितो आणि पॅच पाठवून देतो. कर्नलमध्ये तेवढ्यावर भागत नाही. तिथे साधारण असं निवेदन लागतं:

'फर्मवेअर लोड झालं नाही तर प्रोब फंक्शन थेट परततं आणि आधी घेतलेला बफर मोकळा होत नाही. ज्या मशीनवर फर्मवेअर नाही, तिथे उपकरण जोडण्याच्या प्रत्येक प्रयत्नात ४ केबी मेमरी वाया जाते. केमेमलीक चालू ठेवून उपकरण पुन्हा पुन्हा जोडलं असता हे दिसलं. फर्मवेअर न मिळाल्यासही बफर मोकळा करा.'

यात आधी दुखणं सांगितलं आहे, मग त्याचा त्रास कोणाला होतो ते, मग ते कसं सापडलं ते (केमेमलीक हे कर्नलमधली मेमरीची गळती शोधणारं साधन), आणि उपाय शेवटच्या वाक्यात. ते शेवटचं वाक्य आज्ञार्थी आहे. 'मी मोकळा केला' असं नाही, तर 'मोकळा करा', जणू कोडलाच हुकूम दिला आहे. कर्नलच्या नियमावलीत तसं स्पष्ट सांगितलेलं आहे. एका पॅचमध्ये एकच बदल असावा, हाही तिथलाच नियम. जाता जाता शेजारच्या चार ओळींची मांडणी सुधारली असेल, तर त्याचा पॅच वेगळा. निवेदनाखाली 'फिक्सेस' असा टॅग येतो. ज्या जुन्या कमिटमुळे, म्हणजे इतिहासात नोंदलेल्या बदलामुळे, दोष शिरला, त्याच्या ओळखक्रमांकाची पहिली १२ अक्षरं आणि त्याचं शीर्षक त्यात द्यायचं. जुन्या, स्थिर आवृत्त्या सांभाळणारी मंडळी या टॅगवरून ठरवतात की ही दुरुस्ती मागे कुठपर्यंत न्यायची.

एका ओळीसाठी एवढा खटाटोप का? सातबारा उताऱ्यावर जमीन आज कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. ती त्या नावावर कशी आली ते पाहायचं तर फेरफार काढावा लागतो. कोड म्हणजे सातबारा आणि कमिटचा इतिहास म्हणजे फेरफार. काही वर्षांनी कोणीतरी त्याच ड्रायव्हरवर काम करताना त्या ओळीपाशी अडखळतो आणि ती ओळ कोणत्या कमिटमध्ये आली ते दाखवणारी 'गिट ब्लेम' ही कमांड चालवतो. मूळ लेखक तोपर्यंत दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो, किंवा त्याने हे क्षेत्रच सोडलेलं असतं. ओळ काय करते हे वाचून कळतं. का करते याचा एकमेव साक्षीदार म्हणजे ते निवेदन. २००५ च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिलं तेच मुळी कर्नलसाठी, आणि कमिटबरोबर त्याचं निवेदन कायमचं बांधलेलं राहील, नंतर गुपचूप बदलता येणार नाही, अशी त्याची घडण आहे.

निवेदनाच्या खाली आणखी एक ओळ असते, 'साइन्ड-ऑफ-बाय', म्हणजे सही. तिच्यामागे कोर्टकचेरीचा इतिहास आहे. मार्च २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला. आमच्या मालकीचा युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घुसवला गेला, असा तिचा आरोप होता. कर्नलमधली कोणती ओळ कोणाकडून आणि कोणत्या हक्काने आली, हे दाखवण्याची नीट सोय तेव्हा नव्हती. म्हणून २००४ मध्ये एक छोटं प्रतिज्ञापत्र ठरवलं गेलं: हा कोड मी लिहिला आहे, किंवा तो या परवान्याखाली देण्याचा मला अधिकार आहे, आणि माझी ही नोंद कायम जाहीर राहील हे मला मान्य आहे. सही म्हणजे या प्रतिज्ञापत्राला दिलेली मान्यता. पॅच ज्या मेंटेनरच्या हातून पुढे सरकतो, तोही खाली आपली सही जोडतो. त्यामुळे कमिट वाचताना तो कोणाकोणाच्या हातांतून आला, ते ओळीने दिसतं. पॅच तपासणाऱ्याचं, चाचणी घेणाऱ्याचं, दोष कळवणाऱ्याचं नाव असंच स्वतंत्र टॅगखाली येतं. ज्याने कोडची एकही ओळ लिहिली नाही, पण दोष नेमका दाखवला, त्याचंही श्रेय नोंदवलं जातं. मला ही प्रथा फार न्याय्य वाटते.

आता दस्तऐवजांकडे येऊ. आपल्याकडे डॉक्युमेंटेशन हे काम संपल्यावर, बहुधा नव्या मुलाच्या गळ्यात, घातलं जातं. ही समजूत किती महागात पडते ते 'टाइमरएफडी'च्या कथेतून दिसतं.

जुलै २००७ मध्ये आलेल्या २.६.२२ या कर्नलमध्ये टाइमरएफडी ही नवी सिस्टिम कॉल होती. कल्पना चांगली होती: टायमरलाच फाइल डिस्क्रिप्टरचं रूप द्यायचं, म्हणजे प्रोग्रॅमला नेटवर्कवरच्या सॉकेटची आणि टायमरची वाट एकाच ठिकाणी पाहता येते. कोड तपासला गेला, स्वीकारला गेला, प्रसिद्धही झाला. त्यानंतर मायकेल केरिस्क तिचं मॅन पेज, म्हणजे ती कशी वापरायची हे सांगणारं माहितीपान, लिहायला बसले. २००४ पासून लिनक्सच्या मॅन पेजेसची जबाबदारी त्यांच्याकडे होती. प्रत्येक वाक्य खरं ठरावं म्हणून ते छोटे प्रोग्रॅम लिहून कॉल चालवून पाहत. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की युनिक्सच्या जुन्या टायमरमध्ये असलेल्या दोन सोयी इथे नाहीतच. टायमरला नवी वेळ लावताना आधीच्या वेळेतली किती शिल्लक होती, ते परत मिळत नाही. आणि टायमरला हात न लावता 'आता किती वेळ उरला?' असं विचारताही येत नाही.

इथे कर्नलचा सर्वांत कडक नियम आडवा येतो. वापरकर्त्यांच्या प्रोग्रॅमना दिलेला इंटरफेस एकदा बाहेर पडला की तो मोडायचा नाही. आज चुकलेला इंटरफेस पुढची कित्येक वर्षं सांभाळत बसावं लागतं. सुदैवाने ही कॉल नवी होती, फारशी कोणी वापरायला लागलं नव्हतं. म्हणून २.६.२३ मध्ये ती बंद ठेवली गेली, नव्याने आखली गेली, आणि २.६.२५ मध्ये तीन वेगळ्या कॉल्सच्या रूपात परत आली: एक टायमर तयार करणारी, एक वेळ लावणारी, एक उरलेली वेळ सांगणारी. आज हाच इंटरफेस वापरात आहे. कोड तपासणाऱ्यांच्या नजरेतून निसटलेली उणीव माहिती लिहिणाऱ्याला दिसली, याचं कारण सरळ आहे. तपासणारा कोड बरोबर चालतो का ते पाहतो. माहिती लिहिणाऱ्याला तो वापरणाऱ्याच्या जागी बसावं लागतं.

ही परंपरा युनिक्सइतकीच जुनी आहे. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येच कमांडच्या माहितीखाली 'बग्ज' असा मथळा येतो आणि आपल्या प्रोग्रॅममधले दोष लेखक स्वतः तिथे लिहून ठेवतात. ओपनबीएसडीमध्ये तर चुकीचं मॅन पेज हा बगच मानतात आणि कोड बदलला की मॅन पेजही बदलावं, हा तिथला शिरस्ता आहे. लिनक्सची शिस्त इतकी एकसारखी नाही. काही कोपऱ्यांतली माहिती जुनाट झालेली आढळते. पण नियम आहेत आणि ते अर्थपूर्ण आहेत. कर्नल सुरू करताना द्यायचा नवा पॅरामीटर आणला तर त्याची माहिती हवी. आणि कोडमध्ये मेमरी बॅरियर वापरला तर तो तिथे का लागतो याचं स्पष्टीकरण शेजारच्या टिप्पणीत हवंच. प्रोसेसर मेमरीतली कामं कोणत्या क्रमाने करील, याला बॅरियर वेसण घालतो. तो अनावश्यक समजून कोणी काढला, तर बिघाड क्वचितच आणि भलत्याच ठिकाणी दिसतो. ती टिप्पणी नसली की पुढचा माणूस नेमकं हेच करून बसतो.

एका गोष्टीवर मला कळकळीने बोलायचं आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये 'हॅक्टोबरफेस्ट' उपक्रमात चार बदल सुचवणाऱ्याला टी-शर्ट मिळत होता. रीडमी फाइलमध्ये उगाच एखादं विशेषण घुसडणाऱ्या बदलांचा असा पूर आला की मेंटेनर हैराण झाले, आणि ज्या प्रकल्पांची तयारी असेल तेवढ्यांपुरताच उपक्रम ठेवायचा, असा बदल आयोजकांना महिना सुरू असतानाच करावा लागला. 'डॉक्युमेंटेशनपासून सुरुवात करा' हा सल्ला योग्यच आहे, पण त्याचा अर्थ 'सोप्यापासून' असा घेतला गेला. प्रत्येक निरर्थक बदल कोणाला तरी उघडून, वाचून, नाकारावा लागतो, आणि ते काम बरेचदा एखादी व्यक्ती नोकरी सांभाळून रात्री करत असते.

पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूर-नागपूरच्या कॉलेजांतून ही लेखमाला वाचणाऱ्यांना म्हणून एवढंच सांगतो. रोजच्या वापरातल्या एका कमांडचं मॅन पेज उघडा. त्यातलं प्रत्येक विधान स्वतः चालवून ताडून पाहा. जे जुळत नाही ते कोणत्या आवृत्तीवर, काय केल्यावर जुळत नाही, ते लिहून काढा. मग त्या पानाचा इतिहास वाचा. कदाचित कोणी आधीच कळवलं असेल. नसेल, तर एकच दुरुस्ती, कारणासकट, स्वतःच्या सहीने पाठवा. उत्तर यायला आठवडे लागतील आणि पहिला पॅच बहुधा परत येईल. सुचवलेले बदल करून तो पुन्हा पाठवा.